ख्रिस्ती घर आणि आमचे दोन आक्षेप

उस्मानाबाद येथें जानेवारी २०२० मध्यें भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हां एका धर्मगुरूस हा मान द्यावा कीं नाहीं यावर बराच गदारोळ उठला. तो आतां शमला आहे, व फादरही २०२४ सालीं निवर्तले. परंतु त्या गदारोळाच्या बुडाशीं असलेला एक समज आमच्या सुशिक्षित दिवाणखान्यांत अजून सुखानें नांदत आहे, आणि त्याचाच समाचार येथें घ्यावयाचा आहे.

हा समज असा. एखाद्यानें प्रौढपणीं बाप्तिस्मा घेतला, तर आम्ही म्हणतों, कांहीं तरी लोभ असला पाहिजे. एखादा ख्रिस्ती घरांतच जन्मला व वाढला, तर म्हणतों, बिचाऱ्याचा काय अपराध, त्याला पाळण्यांतच पढविलें! म्हणजे विचार करून स्वीकारलेली श्रद्धा विकत घेतलेली, आणि घरांत लाभलेली श्रद्धा उसनी. प्रामाणिक ख्रिस्ती होण्यास तिसरी वाट आम्ही ठेविलेलीच नाहीं. हें अजब न्यायशास्त्र आम्ही आपल्या घरास मात्र लावीत नाहीं. आठव्या वर्षीं मुंज लावितांना बटूची संमति कोणी विचारली आहे काय? येथें तो संस्कार, आणि शेजारच्या घरीं तीच लादणूक!

लोभाच्या आक्षेपावर फार शाई खर्चण्याचें कारण नाहीं. धर्मांतरापायीं आप्त आणि घरदार गमावलेल्यांचीं चरित्रें मराठींत आहेत; बाबा पदमनजींचा 'अरुणोदय' १८८८ सालचा. ज्यास वाचावयाचें असेल तो वाचील. विचार करण्याजोगा आक्षेप दुसरा. कारण त्यांत ख्रिस्ती घर म्हणजे एक पढविण्याची शाळा, असें गृहीत धरलें आहे.

त्या घरांत काय चालतें तें टिळकांच्या घरीं पाहावें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं घेतला तो १९०० सालीं. मधल्या काळांत नवराबायको दुरावलीं, आणि पुन्हां एकत्र आल्यावरही बाईंचें सोवळें कांहीं काळ चालूंच होतें. 'स्मृतिचित्रे' आम्ही विनोदासाठीं वाचतों, व तो विनोद आहेही तसाच. पण त्याच पुस्तकांत ही बाई जातिभेदाचा विचार स्वतःशीं करते, तो टाकून देते, आणि हें सारें बाप्तिस्म्याच्या आधीं घडतें, याकडे कितीकांचें लक्ष जातें? अशा घरांत देवदत्त टिळक वाढले. ज्या मुलानें धर्मापायीं आईबापांची ताटातूट पाहिली, आणि मग आईला आपल्याच चालीनें तो उंबरठा ओलांडतांनाही पाहिलें, त्याची श्रद्धा पोपटाची होती असें म्हणावयास धाडस पाहिजे. बालकवि ठोंबरे याच घरांत पोटच्या पोरासारखे राहिले, आणि हिंदूच राहिले. टिळकांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' पुढें पत्नीनें चालविलें व अखेर मुलानें पुरें केलें. एका काव्यासाठीं आईबाप व मूल असे तिघे खपल्याचें दुसरें उदाहरण मला आठवत नाहीं.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहूनही तिखट आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं पुढें झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून प्रसिद्ध झाला. मठवासिनींनीं सांगावें व नव्या शिष्येनें मान डोलवावी, अशी तेथील अपेक्षा. आणि ही शिष्या त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालते, क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असें विचारते, अंडें घातलेलें पक्वान्न शिवत नाहीं, आणि मुलीस कोणतें धर्मशिक्षण द्यावें यावरील आईचा अधिकार सोडावयास तयार होत नाहीं! ख्रिस्ती वळण म्हणजे परकीयांची नक्कल, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हीं पत्रें अवश्य वाचावीं. नक्कल करणारा माणूस इतका त्रासदायक नसतो.

वसईकडील कॅथलिक घरांची गोष्ट निराळी; तेथें धर्म पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ या वर्षांपर्यंत, चर्चमधील मिस्सा लॅटिन भाषेंत होई. पोराला कळणारी प्रार्थना ती संध्याकाळीं घरीं चालणारी, आईच्या व आजीच्या तोंडची. पढविणें म्हणावयाचें तर तें एवढेंच. आणि शुभंकरोति म्हणवून घेणाऱ्या आमच्या आज्या याहून निराळें काय करीत होत्या?

आतां दुसरी बाजू. पुष्कळ ख्रिस्ती घरांत धर्म म्हणजे रविवारचे कपडे, आणि मुलाच्या प्रश्नाला 'गप्प बैस' हें उत्तर. तान्हेपणीं बाप्तिस्मा झालेल्या मुलानें जाणतें झाल्यावर आपल्या तोंडानें होकार द्यावा, यासाठीं दृढीकरणाचा विधि आहे. त्याचा जेथें निव्वळ समारंभ होतो, जेथें 'नाहीं' म्हणण्याची सोयच नसते, तेथें त्या 'होय'ची किंमत काय? अशा आईबापांस टिळकांचें किंवा रमाबाईंचें नांव घेण्याचा अधिकार नाहीं, आणि त्यांच्यापुरता लादणुकीचा आक्षेप मला मान्य आहे.

मात्र 'ख्रिस्ती संस्कारांनीं माणूस आपल्या मुळांपासून तुटतो' असें म्हणून हळहळणाऱ्या मित्रांनीं एकदां गोव्याकडे पाहावें. पोर्तुगीज पाद्र्यांनीं तेथें नांवें पालटलीं, पोषाख पालटला, देवळें पाडलीं. पण ख्रिस्ती झालेल्या घरांतील बामण, चार्डो, सुदिर हे भेद ४०० वर्षें पुरून उरले, आणि स्थळ पाहतांना त्यांची आठवण अजूनही कितीकांस होते. हें मूळ कांहीं तुटलेलें नाहीं. तें कोणाच्या घरून त्यांच्याबरोबर गेलें, हें सांगावयास पाद्र्याची गरज नाहीं.