रिपोर्ट क्लीन, मग गोळी कशाला?

‘टार्गेट नॉट डिटेक्टेड.’ व्हायरल लोडच्या रिपोर्टवर हे शब्द दिसले, की कुणालाही वाटणारच, सुटलो एकदाचे! माझ्या एका मित्रालाही वाटलं. रोडपालीत जेवणानंतरच्या चकरा मारता मारता साहेब म्हणाले, ‘यार, व्हायरस नाहीच, तर रोज गोळी कशाला? बंद करतो आता.’

प्रश्न एकदम लॉजिकल. घोळ इतकाच, की ही टेस्ट रक्तात फिरणारा व्हायरस मोजते. पेशीत ठाण मांडून बसलेला नाही. एचआयव्हीची खरी बदमाशी तिथेच आहे. सीडी-४ पेशीत शिरला, की हा पठ्ठ्या आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो आणि इंटिग्रेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने तो थेट आपल्या क्रोमोझोममध्ये जोडून टाकतो. आपली सुमारे ३०० कोटी अक्षरं, त्यात याची जेमतेम साडेनऊ हजार. पागडीवाला भाडेकरू परवडला हो, हा तर सातबाऱ्यावर नाव चढवतो!

मग हा सापडायचा कसा? शास्त्रज्ञांची आयडिया भन्नाट आहे. आपल्या डीएनएमध्ये ‘आलू’ नावाचा (बटाट्याशी काही संबंध नाही) एक तुकडा दहा लाखांहून जास्त ठिकाणी आहे. हायवेवरच्या मैलाच्या दगडांसारखा. पीसीआरचं एक टोक व्हायरसवर धरायचं, दुसरं जवळच्या आलूवर. दोन्ही एकाच धाग्यावर असतील, तरच मधल्या भागाच्या कॉप्या भराभर वाढतात. व्हायरसचा डीएनए पेशीत नुसताच तरंगत असेल, तर नाही. अर्थात हा अंदाजच. आलूपासून फार लांब बसलेला व्हायरस निसटतो.

जोडल्या गेलेल्या कॉप्यांपैकी बहुतेक मोडक्याच असतात. पण औषधं नीट चालू असलेल्यांतही, दहा लाख सुस्त सीडी-४ पेशींमागे साधारण एकीत धडधाकट व्हायरस झोपलेला असतो. गोळी थांबली, की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो उठतो. मित्राच्या गोळीतलं डोल्युटेग्रावीर इंटिग्रेजला अडवतं, म्हणजे नवीन नोंद होऊ देत नाही. जुनी नोंद मात्र ते खोडत नाही. तो भाग कापून काढायचे प्रयोग माणसांवर सुरू झालेत, पण दुकानात मिळेल असं औषध अजून नाही. आणि हो, गोळी नियमित आणि रिपोर्ट सतत असाच असेल, तर सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न ठरवताना घाबरून बसलेल्यांनी हे जरूर वाचावं.

आता ऐका गंमत. रोडपालीहून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, ४ जून २०२१ रोजी देशातली पहिली कार-टी थेरपी झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं हे काम. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याला मंजुरीही मिळाली. पेशंटच्याच टी-पेशी काढून त्यांत कॅन्सर ओळखणारं जनुक घालायचं. ते आत नेऊन जोडायचं काम कोण करतं? लेंटिव्हायरल वाहक, म्हणजे रोग करण्याची ताकद काढून घेतलेला एचआयव्हीचाच अवतार! आणि अशा पेशी पेशंटला देण्याआधी मोजणी पुन्हा तीच, दर पेशीत सरासरी किती कॉप्या बसल्या. फार कमी, तर औषध फुसकं. फार जास्त, तर भलत्याच जनुकात बिघाड व्हायची भीती.