धूळ अडते, मग चिखल का अडत नाही?

भिवंडीत गोदाम असलेल्या कोणालाही विचारा, पावसाळ्यात त्याला पाण्यापेक्षा चिखलाची धास्ती जास्त. नुसत्या पाण्यात भिजलेले ग्रे कापड वाळवून, तोटा सोसून का होईना, विकता येते. मातीच्या पाण्यात बुडालेला ताका प्रोसेसवाला हातातही धरत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गोदामाच्या वरच्या अंगाला एका बिल्डरने ऐन मे महिन्यात उतार कापला आणि माती तशीच उघडी टाकली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ती नाल्यात उतरली, नाला तुंबला आणि पाणी शटरखालून आत आले. खालच्या थरातल्या सगळ्या गासड्या गेल्या. नुकसान पाहायला आलेल्या साहेबांनी ‘पूर’ असे लिहून घेतले. माती कोठून आली हे त्यांनी विचारले नाही.

आम्ही व्यापारी, म्हणून हिशेब मांडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एका एकरावर दिवसात 100 मिलिमीटर पडला (आपल्या पट्टीत यात नवल काही नाही) तर चार लाख लिटर. जमिनीवर गवत असेल तर बरेच पाणी मुरते, माती जागेवर राहते. जेसीबीने साल काढलेल्या जमिनीवरून तेच पाणी माती घेऊन निघते. मग पालिका दरवर्षी नालेसफाईवर पैसा घालते. तो पैसा तुमच्या-आमच्या कराचा.

नियम अजिबात नाहीत असे म्हणता येणार नाही. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत वरची माती जपण्याचा आणि धूप रोखण्याचा विषय आहे. पण गल्लोगल्ली उभ्या राहणाऱ्या चार मजली इमारती त्या मापात बसत नाहीत, आणि संहितेतली गोष्ट स्थानिक परवानगीच्या अटींत उतरली नाही तर ती कागदावरच राहते. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये धुळीसाठी नियम काढले: भोवती उंच पत्रे, इमारतीला हिरवे कापड किंवा ताडपत्री, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुणे. चांगले केले. पण उन्हाळ्यात उडते ती आणि पावसात वाहते ती माती एकच ना?

अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची तर आधी गाळ रोखण्याची योजना करावी लागते. साधने साधी आहेत. फाटकाशी जाड खडीचा थर, म्हणजे डंपरच्या चाकांची माती तेथेच झडते. पाणी थांबून गाळ खाली बसावा म्हणून एक खड्डा. आणि उताराच्या पायथ्याशी कापडाचे कुंपण. होय, कापडाचे! विणलेल्या सिंथेटिक कापडाची खालची कड जमिनीत वीतभर पुरतात. नाही पुरली तर पाणी खालून निसटते. एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ साचला की तो उपसावा लागतो. वाहत्या नाल्यात आडवे लावले तर ते टिकत नाही. आपल्याकडे उतार झाकायला ज्यूटची आणि काथ्याची जाळी मिळते, त्यांची भारतीय मानकेही आहेत. आमच्या साध्या मागावर हा माल निघणार नाही, पण धंद्यातल्या तरुणांनी इकडे एकदा पाहावे.

एवढीच कलमे पालिकेने बांधकाम परवानगीत घालावीत, प्लॉट लहान असो वा मोठा. मे महिन्यात एकदा पाहणी करावी आणि ज्याने उतार उघडा ठेवला त्याची खोदाई पावसाळा संपेपर्यंत बंद ठेवावी. लहान बिल्डर खर्चाची ओरड करतील. खडी, गोण्या आणि ताडपत्री यांचा खर्च आमच्या एका बुडालेल्या गासडीशी ताडून पाहावा.

बंधूंनो, एक कबूल केले पाहिजे. आमचे स्वतःचे गोदाम भातखाचरावर मुरमाचा भराव टाकून उभे आहे. तो मुरूम कोणत्या टेकडीचा आणि त्या टेकडीखाली कोणाचे घर, हे आम्ही तेव्हा विचारले नव्हते. मागच्या बाजूचा भराव अजून उघडाच आहे. तेथे यंदा पावसाआधी गोणपाट अंथरून गवत धरायचे ठरवले आहे.