आधी डबल, मग बाकी सगळं

तुमच्या ऑफिसच्या रिक्रिएशन रूममध्ये डार्ट बोर्ड आहे? मग तिथली गर्दी आठवा. जो तो ट्रिपल २० च्या मागे. साहजिकच आहे, एका डार्टला ६० आणि तीन लागले की १८०! टाळ्या, आरडाओरडा, एकदम माहोल. पण बॉस, मॅचमध्ये ५०१ वरून बरोबर शून्यावर यायचं असतं आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच, म्हणजे कडेच्या त्या चिंचोळ्या पट्टीत किंवा मधल्या बुलमध्ये लागावा लागतो. तिथे अडकलात की आधीचे सगळे १८० पाण्यात.

म्हणून माझ्या आठवड्याचा फंडा साधा आहे. फ्रेश असताना डबल, दमल्यावर ट्रिपल.

सोमवार कटाप. स्टेटस मीटिंगनंतर खांदा आणि डोकं दोन्ही कामातून गेलेले असतात. मंगळवार-गुरुवार ऑफिसआधी, सकाळी साडेसहाला, चाळीस मिनिटं फक्त डबल. (शेजारच्या काकूंची झोप मोडू नये म्हणून बोर्डामागे जुनी सतरंजी लावलीय.) खेळतो ‘बॉब्ज २७’. १९८८ चा वर्ल्ड चॅम्पियन बॉब अँडरसन याच्या नावाचा हा खेळ. सुरुवातीला खात्यात २७ गुण. डबल १ वर तीन डार्ट, मग डबल २ वर, असं वीसपर्यंत आणि शेवटी बुल. लागला की तेवढे गुण जमा, तिन्ही चुकले की तेवढे वजा. शून्यावर आलात की खेळ खल्लास. महिनाअखेरचं बँक बॅलन्स आठवतं अगदी! आकडा वहीत लिहायचा, मोबाइलमध्ये नाही. मोबाइल हातात घेतला की मेल दिसतात.

डबल १६ चे मात्र जादा डार्ट. ३२ उरले असताना नेम आत गेला आणि साधा १६ लागला, तरी उरतात १६, म्हणजे डबल ८. पुन्हा आत गेला तर डबल ४, मग २, मग १. डबल २० वर असंच चुकत गेलात तर २०, १० आणि मग ५. विषम आकडा आला, एक डार्ट फुकट गेला.

बुधवारी रात्री अर्धा तास ट्रिपल २०. पहिल्याच डार्टने वाट अडवली तर १९ वर. बस्स.

शुक्रवारी चाकणचं ट्रॅफिक पार करून गावी, जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला. माजघरात दुसरा बोर्ड आहे. बुल जमिनीपासून १.७३ मीटर, उभं राहायची रेघ २.३७ मीटरवर. बिबट्यामुळे रात्री कुणी उगाच बाहेर पडत नाही, त्यामुळे सरावाला प्रेक्षक आयते! शनिवारी पूर्ण मॅच. चुलतभाऊ गुण मोजतो आणि मुद्दाम मोठ्याने बोलतो. मला तेच हवं असतं, हॉलमध्ये शांतता थोडीच मिळणार?

काका पहिल्यांदा म्हणाले होते, “एवढं शिकून भितीला भोकं पाडायला येतो व्हय रं?” मग एकदा बसून त्यांनी हिशेब समजून घेतला. बैलगाड्याच्या नादातला माणूस. घाटात बारी काही सेकंदांची आणि खुराक-सराव वर्षभर, हे त्यांना मी काय सांगणार! म्हणाले, “शर्यतीच्या आदल्या दिवशी बैल दमवायचा नाही, येवढं ध्यानात ठेव.”

ठेवलंय. येत्या रविवारी मुंबईत स्पर्धा आहे. पहिली फेरी पाच लेगची, तीन जिंकले की पुढे. हरलो तर एन्ट्री फी आणि सोमवारची रजा, दोन्ही गेले. आणि शिल्लक रजा आहेत दोन! म्हणून या आठवड्यात सगळं निम्म्यावर. मंगळवारी वीस मिनिटं डबल, गुरुवारी तेवढीच, बुधवारचे ट्रिपल रद्द, शुक्रवारी दहा मिनिटं हात मोकळा करायला आणि शनिवारी डार्ट बॅगेत बंद. गावी येत नाही म्हणून काकांना फोन केला.

“बैल गोठ्यात का?” म्हणाले. “बरं. वैरण नीट खा.”