आकाशाचे दप्तर

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झवर आकाश पिंजून काढले. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी टिपलेल्या या नोंदी दुर्बिणीच्या अभिलेखागारात जगाला खुल्या होत्या. मूळ चमूने त्यांतला काही भागच प्रतिमांच्या रूपात प्रसिद्ध केला होता. इतक्या कमी वारंवारितेच्या लहरी पृथ्वीभोवतीच्या आयनांबरातून येताना वाकतात. मग एकाच चित्रात एक स्रोत रेखीव, तर शेजारचा विस्कटलेला दिसतो. खगोलशास्त्रज्ञ हुइब इन्टेमा आणि सहकाऱ्यांनी दिशेगणिक ही चूक सुधारणारी संगणकीय पद्धत त्या जुन्या नोंदींवर चालवली. दुर्बीण पुन्हा वळवावी लागली नाही. २०१७ मध्ये नव्वद टक्के आकाशातल्या सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली.

चंद्राबाबतही जुन्या नोंदी अशाच कामी आल्या. चांद्रयान-१ ऑगस्ट २००९ मध्येच अबोल झाले. त्यावरच्या नासाच्या एम-थ्री उपकरणाच्या नोंदींतून चंद्राच्या ध्रुवांवर, पृष्ठभागावरच बर्फ असल्याचा पुरावा २०१८ मध्ये मांडला गेला.

याउलट अपोलो-११ च्या चांद्रचित्रणाच्या मूळ चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष खुद्द नासाला २००९ मध्ये काढावा लागला. मानवाच्या पहिल्या चांद्रपावलाचे सर्वात स्पष्ट चित्रण असे गेले, ही हळहळ कायमची.

इस्रोने चांद्रयान-२ आणि आदित्य-एल१ चा डेटा ‘प्रदान’ संकेतस्थळावर खुला केला, हे उत्तमच झाले. पण फाइल उतरवून घेतली की काम भागत नाही. उपकरणाचे अंशांकन कसे केले, कोणत्या दिवशीच्या नोंदी सदोष आहेत, कोणती संगणकप्रणाली लागते, हे सोबत लिहिलेले नसेल तर लातूर किंवा जळगावच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी पहिल्याच पायरीवर अडते. उपकरण बांधणारे निवृत्त झाले की ही माहितीही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून प्रत्येक मोहिमेच्या अंदाजपत्रकात अभिलेखागाराच्या कायम मनुष्यबळाची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. मोहीम संपल्यावर उरलेल्या पैशांतून हे काम होत नसते.

राज्यातल्या विद्यापीठांनीही आता हलायला हवे. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली एम.एस्सी.चा प्रकल्प खुल्या डेटावर करण्याची सोय प्रत्येक भौतिकशास्त्र विभागाने येत्या शैक्षणिक वर्षापासूनच करावी.