सँडविच देणारी मुलगी

'दादा' म्हटले की आपल्याला थोरला भाऊ आठवतो, नाहीतर नाक्यावरचा गुंड. १९१६ साली झ्युरिकच्या काबारे व्होल्टेअरमध्ये जन्मलेल्या कलेतल्या दादाचा या दोघांशी संबंध नाही. महायुद्धात लाखोंनी माणसे मारणाऱ्या शहाण्या जगाची टर उडवायला जमलेली ती मंडळी. पण बर्लिनच्या दादा गटातली एकमेव महत्त्वाची स्त्री, हाना ह्योख, हिची हकीकत वाचताना मला वाटत राहते, की हे दादा निदान तिच्याशी तरी आपल्या ओळखीच्या दादांसारखेच वागले.

१९२० साली बर्लिनला पहिला आंतरराष्ट्रीय दादा मेळा भरला. त्यात हानाची चित्रे नकोत, असे जॉर्ज ग्रोस आणि जॉन हार्टफील्ड यांचे म्हणणे होते. तिचा प्रियकर राउल हाउसमान याने आपणही बाहेर पडू अशी धमकी दिली, तेव्हा कुठे ती भिंतीवर आली. हा हाउसमान स्त्रीमुक्तीवर लिहीत असे. घरी बायको होतीच, आणि तिला सोडायला तो तयार नव्हता! त्याच वर्षी हानाने एक गोष्ट लिहिली. तिच्यातल्या थोर चित्रकाराला चार वर्षांत चार वेळा भांडी घासावी लागतात आणि त्याच्या प्रतिभेवर आकाश कोसळते. पुढे १९६४ साली हान्स रिख्टरने दादाचा इतिहास लिहिला. त्याला हाना आठवली ती पैशांची चणचण असतानाही सँडविच, बीअर आणि कॉफी कुठून तरी पैदा करणारी गुणी मुलगी म्हणून.

त्या मेळ्यातले तिचे मोठे चित्र आज बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे. त्याचे लांबलचक नाव असे, की वायमार जर्मनीच्या बीअर पिऊन सुटलेल्या पोटाला दादाच्या स्वयंपाकघरातल्या सुरीने दिलेला छेद. कैसर, सेनापती, पुढारी, यंत्रांची चाके, सगळे मासिकांतून कापून चिकटवलेले. कैसरच्या मिशीच्या जागी दोन पहिलवान. मधोमध एका नर्तिकेचे शरीर आणि त्यावर तरंगणारे केथे कोल्विट्झचे डोके. उजव्या कोपऱ्यात खाली युरोपचा नकाशा, बायकांना मत मिळालेले वा मिळू घातलेले देश दाखवणारा, आणि त्याला लागून हानाचा स्वतःचा इवलासा चेहरा. जर्मन बायकांनी पहिले राष्ट्रीय मतदान केले ते जानेवारी १९१९ मध्ये. शीर्षकात सुरी का, हे आदोळीवर बसून भाजी चिरलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

दादा म्हटले की लोक द्युशाँची १९१७ ची मुतारी सांगतात. सांगोत बापडे. मला मात्र हानाची नोकरी जास्त महत्त्वाची वाटते. १९१६ ते १९२६ ती उलष्टाइन या बड्या प्रकाशन संस्थेत बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे, लेसचे नमुने काढत होती. चरित्रकार याला 'पोटासाठी केलेले काम' म्हणतात तेव्हा राग येतो. कापायला फोटो तिला कुठून मिळाले? याच मासिकांतून. कात्रीवरचा हात कुठे बसला? १९२२ मध्ये तिने भरतकामाच्या नमुन्यांचे कागद जोडून एका महत्त्वाच्या लेसच्या शर्टाच्या स्मारकाचा आराखडा केला. पुतळ्यांच्या देशात स्मारक कशाचे, तर शर्टाचे! विणकाम-भरतकामाला आपणही 'हस्तकला' म्हणून प्रदर्शनाच्या मागच्या खोलीत पाठवतो, म्हणून हे सांगितले.

नाझी आले. १९३२ चे डेसाउच्या बाउहाउसमधले तिचे प्रदर्शन त्यांच्यामुळेच रद्द झाले होते. बाकीचे बरेचसे दादा एकेक करून देश सोडून गेले. हाना राहिली. १९३९ मध्ये बर्लिनच्या कडेला हायलिगेनझे येथे तिने छोटे घर घेतले, भाजी लावली, आणि स्वतःच्या कामासोबत त्या सगळ्या मित्रांची पत्रे, पत्रके, चित्रे घरात आणि बागेत लपवून ठेवली. सापडती तर जिवावर बेतले असते. बर्लिनच्या दादाबद्दल आज जे कागद अभ्यासकांच्या हाती आहेत, त्यांतले पुष्कळसे त्या घरातले.

१९७६ मध्ये पॅरिस आणि बर्लिनने तिचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा ती ८६ वर्षांची होती. दोन वर्षांनी ती गेली, त्याच बर्लिनमध्ये.