विश्लेषण : टीव्हीवरचा पूर आजचा की जुना? क्लिपसोबत तारीख का येत नाही?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले आणि वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी तालुक्यातली गावे वेढली. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याने पुन्हा पूर पाहिला. गढूळ पाणी, बुडालेला पूल, बोटीतून बाहेर काढलेली माणसे ही दृश्ये दर वर्षी सारखीच दिसतात. ब्रह्मपुरीकडे मुलगी दिलेल्या चिमूरच्या घरात ऐन पावसाळ्यात अशी जुनी क्लिप तारखेविना दिसली, तर फोन लागेपर्यंत जिवाला घोर लागतो.

केंद्राने काय सांगितले?

३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी उपग्रह वाहिन्यांना सूचना केली : नैसर्गिक आपत्ती व मोठ्या अपघातांच्या दृश्यांवर वरच्या बाजूला तारीख आणि वेळ ठळकपणे दाखवा. सूचना साधी आहे. पण ती पाळली जाते की नाही, हे नियंत्रण कक्षातल्या यंत्रांच्या जोडणीवर बरेच अवलंबून असते.

क्लिप पडद्यावर येते कशी?

कॅमेरे, घटनास्थळावरून येणारे थेट चित्र, ग्राफिक्स आणि साठवलेल्या क्लिप हे सगळे एका यंत्रात येते. त्याला प्रॉडक्शन स्विचर म्हणतात. यातले कोणते चित्र घराघरांत जाईल, हे त्यावरची बटणे ठरवतात. क्लिप मात्र स्विचरमध्ये नसतात. त्या व्हिडिओ सर्व्हरवर असतात. म्हणून पूर्वी स्विचर चालवणारा एक आणि क्लिप सुरू करणारा दुसरा, अशी दोन माणसे लागत. आता बऱ्याच ठिकाणी स्विचरच सर्व्हरला हुकूम सोडतो.

त्याचे दोन ढोबळ प्रकार आहेत. पहिला जीपीआय. हा दाराच्या घंटीसारखा असतो : ‘सुरू कर’ एवढाच इशारा जातो. सर्व्हरवर चुकीची क्लिप तयार ठेवलेली असेल, तर तीच सुरू होते. दुसरा प्रकार व्हीडीसीपी किंवा एएमपी यांसारख्या संवादपद्धतींचा. यात स्विचर नेमकी क्लिप तिच्या ओळखक्रमांकाने मागवतो, पहिल्या चित्रावर उभी करतो आणि मग चालवतो. या पद्धतींची मुळे टेपच्या काळातल्या सोनीच्या नऊ पिनांच्या जोडणीत आहेत. टेपला वेग पकडायला काही सेकंद लागत. सर्व्हरवरची क्लिप जवळपास तत्काळ सुरू होते. वेग वाढला, पण दोनदा पाहून घेण्याची उसंत कमी झाली.

यंत्राला तारीख का कळत नाही?

कारण क्लिप सुरू करण्याच्या हुकमात क्रमांक असतो, चित्रीकरणाची तारीख नसते. चित्रासोबत टाइमकोड असतो. पण तो तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम एवढेच सांगतो. दुपारी २ वाजून ५ मिनिटांचा टाइमकोड २०२० चाही असू शकतो आणि आजचाही. तारीख वाहिनीच्या संग्रहात नोंदलेली असली, तरी ती आपोआप पडद्यावर उमटत नाही. तारखेची पट्टी ग्राफिक्सच्या यंत्रातून वेगळी आणावी लागते आणि आधीची ‘थेट’ पट्टी काढावी लागते. घाईत यातले एक राहिले, की जुना पूर ‘थेट’ होतो.

उपाय काय?

स्विचरवर मॅक्रोची सोय असते. म्हणजे अनेक कृती एका बटणावर बांधता येतात. क्लिप लावणे, ‘थेट’ पट्टी काढणे आणि तारखेची पट्टी आणणे हे एकाच बटणावर बांधले, तर विसरण्याची शक्यता घटते. पण कुठली तारीख आणायची, हे मॅक्रोला कुणीतरी सांगावेच लागते.

त्याहून पक्का उपाय म्हणजे क्लिप सर्व्हरवर चढवतानाच तारीख चित्रात कोरणे. मग ती क्लिप कुठल्याही बुलेटिनमध्ये, कितीही वेळा फिरली, तरी तारीख सोबत राहते. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओची मूळ तारीख फाइलवरून सहसा कळत नाही. तिथे पाठवणाऱ्याला किंवा स्थानिक वार्ताहराला फोन करण्याला पर्याय नाही. खात्री होत नसेल, तर ते दृश्य न दाखवणेच बरे.

प्रेक्षकांनी काय पाहावे?

कोपऱ्यात तारीख आहे का? तेच वीस सेकंद पुन्हा पुन्हा फिरत आहेत का? ‘संग्रहित’ असे लिहिले आहे का? काहीच नसेल, तर त्या चित्रावरून रस्ता बंद की सुरू हे ठरवू नये. तहसील कार्यालय किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला विचारावे.