१० बाय १०च्या खोलीत ८ इंची मॉनिटर

गेल्या वर्षभरात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या सात-आठ पोरांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "दादा, घरी स्टुडिओ टाकतोय. मॉनिटर कुठले घेऊ? ५ इंची की ८ इंची?" आधी मी कंपन्यांची नावं सांगायचो. आता सांगतो, कुठलेच घेऊ नकोस. समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, हा स्वतः घेऊन बसलाय आणि मला नको म्हणतोय.

खरंय, मी घेऊन बसलोय. म्हणून तर बोलतोय.

माझी खोली उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. १० फूट बाय १० फूट. दोन बाजूंना शेजारी, खाली शिलाईच्या मशिनी. तिथे मी ८ इंची मॉनिटरची जोडी आणली, बारा महिन्यांच्या हप्त्यावर. टेबल खोलीच्या मधोमध ठेवलं, कारण रीलमध्ये तसंच छान दिसतं. मागे निळी एलईडी पट्टी. पहिल्या आठवड्यात फोटोच जास्त काढले.

पहिलं काम मिळालं अंबरनाथच्या एका काकूंचं. काकू कॅसेटच्या काळापासून गायन पार्टीत गातात. तेव्हा सगळे एकत्र बसायचे आणि एका दमात गाणं व्हायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे माझ्याकडेही त्यांनी दोन टेकमध्ये भीमगीत देऊन टाकलं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ते वाजणार होतं. मी सहा रात्री बसून मिक्स केलं. बेस हलका वाटत होता, वाढवला. तरी हलकाच. अजून वाढवला. ढोलकीची धुम पण वाढवली. माझ्या खुर्चीत बसून शेवटी ते झकास वाजत होतं.

मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर गाणं लागलं. काकू पांढरी साडी नेसून नातवंडांसोबत पुढे उभ्या होत्या. सुरुवातीच्या चार मात्रांतच मला कळलं. सगळी गल्ली हादरत होती, पत्रे थरथरत होते, आणि बाईचा आवाज कुठेच नव्हता. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरा, ह्यात मी कुठंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते नंतर एका साध्या भागाकारात सापडलं.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची नेमकी अर्धी लांबी बसते ती साधारण ५६ हर्ट्झची. हा त्या खोलीचा स्वतःचा सूर. भिंतीला टेकून ऐकलंत की तो फुगतो, खोलीच्या मधोमध बसलात की जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौरस असली की लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच सूर. छत ९ फुटांवर असेल तर उंचीचा सूर ६३च्या आसपास, म्हणजे शेजारीच. आणि सगळ्यात खालचे बेस, ते ८०८वाले बेस, याच गल्लीत राहतात. मी बरोबर मधल्या खड्ड्यात खुर्ची टाकून बसलो होतो. जो बेस मला ऐकू येत नव्हता तो गाण्यात होताच. मी त्यावर आणखी ओतत गेलो, आणि त्याखाली काकू गाडल्या गेल्या.

यात मॉनिटरचा दोष काडीचा नाही. ते आपलं काम इमानदारीनं करत होते. ८ इंची यामाहाचा एचएस८ कागदावर ३८ हर्ट्झपर्यंत उतरतो, ५ इंची एचएस५ साधारण ५४पर्यंत. म्हणजे जितका मोठा स्पीकर, तितका तो खोलीच्या आजाराला जास्त जागा करतो. आमच्याकडचं गणित नेमकं उलटं चालतं: जागा लहान आहे, पण पैसे आहेत, तर मोठाच घेऊ.

आता ज्यांचं ऐकून आपण घेतो त्यांच्याबद्दल. रिव्ह्यू करणारा अमेरिकेत बसलेला असतो. तिथली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली. अशा भिंती बेसबरोबर स्वतः थोड्या हलतात, काही बेस खातात, काही बाहेर जाऊ देतात. आपल्या भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या, वर-खाली स्लॅब. त्या बेसला परत फेकतात. त्याच्या घरात 'बेस थोडा जास्त आहे' म्हणून ज्या स्पीकरला अर्धा तारा कमी मिळाला, तो बदलापूरच्या वन आरकेमध्ये काय धुमाकूळ घालेल हे त्याला माहीत नाही, आणि माहीत असण्याचं कारणही नाही. आपल्याला असायला हवं. त्याच्या शिफारशीवर आपण आपल्या बापाचा पगार लावतो, आणि स्वतःच्या भिंतीला टेप लावून मोजत नाही. मला राग आहे तो याचा.

दुकानदार तर हसतच फोमची पाकिटं वर ठेवतो. इंचभर जाडीचा, पिरॅमिडचा, काळा-लाल फोम. तो टाळी वाजवल्यावरची चरचर कमी करतो, संपलं. ५६ हर्ट्झची पूर्ण लाट ६ मीटरच्या वर लांब असते. इंचभर फोम तिला दिसतसुद्धा नाही. अंड्याचे ट्रे चिकटवणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही, मी स्वतः चिकटवलेत. शेजारच्या मावशींना त्यानंतरही सगळं ऐकू येत होतं, वर झुरळं झाली ती वेगळीच.

"पण दादा, मॉनिटरशिवाय स्टुडिओ वाटतच नाही." हे एका पोरानं मला तोंडावर सांगितलं, आणि खरं सांगितलं. गिऱ्हाईक घरी येतं, दोन स्पीकर बघतं, मग पैसे देतं. मान्य. पण मग त्याला शोभेची वस्तू म्हणा, कानाची म्हणू नका. आणि शोभेसाठी बारा हप्ते भरू नका.

या शोभेच्या वस्तूंचा इतिहासही मजेशीर आहे. जगभरच्या स्टुडिओंत पांढऱ्या कोनाचा जो स्पीकर फोटोत दिसतो, तो यामाहाचा एनएस-१०. १९७८ साली तो घरात गाणी ऐकायला म्हणून आणला होता, आणि घरात तो चालला नाही. बेस कमी, आवाज टोचरा. इंजिनियर लोकांनी तो उचलला, कारण त्यावर गाण्यातले दोष लपत नव्हते. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा इंजिनियर ब्रूस स्विडियन ऑराटोन नावाच्या डबीएवढ्या स्पीकरवर बराच वेळ मिक्स ऐकायचा. एकच कोन, खाली बेस जवळपास नाही. ज्यांना पाहिजे तो स्पीकर परवडत होता ती माणसं मुद्दाम गरीब स्पीकरवर ऐकत होती. तसा गरीब स्पीकर तुमच्या खिशात आहे. या क्षणी त्यावर तुम्ही हे वाचताय.

मग पैसे कुठे घालायचे? माझं मत एकतर्फी आहे, तसंच सांगतो. सगळ्यात आधी एक चांगला बंद कपांचा हेडफोन. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१पासून विकला जातोय आणि अजून स्टुडिओंत दिसतो. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्सही चालेल. हेडफोनला खोली नसते, हा त्याचा एकमेव आणि पुरेसा गुण. मग दोन इनपुटचा साधा इंटरफेस. मग डायनॅमिक माइक. कंडेन्सर घेऊ नका. तो काकूंच्या आवाजाबरोबर कुकरची शिटी, खालची शिलाई मशीन आणि ट्रॅकवरची लोकलसुद्धा मन लावून रेकॉर्ड करतो. शुअरचा एसएम५८ १९६६पासून आहे, स्टेजवर आपटून जगलाय. तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा, पंखा बंद करा. सॉफ्टवेअरसाठी क्रॅक शोधत बसू नका; रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतरचं वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं आहे.

उरलेल्या पैशात कापसाची जाड गादी. गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला उभी करा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. आवाजातला डबा निघून जातो. बेसला गादीही पुरत नाही, हे खोटं न बोलता सांगतो. म्हणून तर बेसचा निवाडा हेडफोनवर करायचा.

अनुभवी लोक इथे हरकत घेतात की हेडफोनवर मिक्स होत नाही. डावं-उजवं फार फाकतं, आवाज डोक्याच्या आत वाजतो, रिव्हर्ब किती टाकला त्याचा अंदाज चुकतो. सगळं बरोबर आहे. पण ही चूक प्रत्येक वेळी सारखीच असते, म्हणून ती शिकता येते. रोज अर्धा तास पाठ असलेली गाणी त्याच हेडफोनवर ऐका, महिन्याभरात कान हिशोब धरतो. खोलीची चूक खुर्ची फूटभर सरकवली की बदलते. तिचा हिशोब कोण ठेवणार? शिवाय रात्री १० ते सकाळी ६ ध्वनीचे नियम कडक आहेत, आणि नोकरी करून विठ्ठलवाडीला उतरणाऱ्या पोराला गाणं करायला वेळ त्याच तासांत मिळतो.

उद्या मोठी खोली मिळाली, हप्ते नसले, तर ५ इंची जरूर घ्या. टेबल मधोमध टाकू नका. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर डोकं येईल असं बसा, मग पुढे-मागे सरकून ऐका. माझे ८ इंची अजून विकले गेले नाहीत. अर्ध्या किमतीलाही कोणी घेत नाही, कारण सगळ्यांना नवीन, बॉक्ससकट पाहिजे असतात.

काकूंचं गाणं मी पुन्हा मिक्स केलं, हेडफोनवर. ५०-६०च्या आसपासचा माझा सगळा पराक्रम काढून टाकला. मग फोनवर ऐकलं, शेअर रिक्षाच्या मागच्या स्पीकरवर ऐकलं, आणि डीजेवाल्याला चहा पाजून त्याच्या गोडाऊनमध्ये एकदा लावून घेतलं. पैसे अर्थातच घेतले नाहीत. फाइल पाठवली तर काकूंचं उत्तर नाही, म्हणून संध्याकाळी अंबरनाथला गेलो. त्या ओट्याशी भाकरी थापत होत्या. फोन डब्याला टेकवून ठेवला आणि गाणं लावलं. पूर्ण ऐकेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग पिठाच्या हातानंच फोनकडे बोट केलं.

"दुसऱ्या कडव्यात मी श्वास घेतला तो ऐकू येतोय."

"काढू का?"

"नको," म्हणाल्या, "राहू दे," आणि तव्यावरची भाकरी उलटली.